खांब क्रमांक बेचाळीस

हमरानियाच्या मैदानातून तारांची ओळ डोंगराकडे जाते,
तिच्यावर माझी नोकरी.
चिनीमातीच्या चकत्यांना तडा गेलाय का
ते दुर्बिणीतून पाहायचं, वहीत लिहायचं : ठीक.
खांब क्रमांक एक्केचाळीस. ठीक.
खांब क्रमांक बेचाळीस. ठीक,
वर तिसा बसलेला.
त्याच्यासाठी वहीत रकाना नाही.

फिकट डोकं, दालचिनीच्या रंगाची शेपूट,
पाय उंच, विजार आखूड झालेल्या पोरासारखे.
गाडी चालवणारा गुल नवाज म्हणतो, गरुड.
बकऱ्या राखणारा दाद करीम म्हणतो, चोर.
चाऱ्याच्या शेतावरचा अरब म्हातारा म्हणाला, हव्वाम,
म्हणजे घिरट्या घालणारा,
आणि वाटीतला खजूर पुढे केला.

पण हा घिरट्या फारशा घालत नाही.
बसतो.
सकाळी सातपासून साडेदहापर्यंत पाहिलंय मी,
बसतो, आणि खालची जमीन वाचत राहतो.
कधी तर चक्क उतरून चालतो,
बिळाच्या तोंडाशी उभा राहतो
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा,
आत कुणीतरी आहे हे पक्कं ठाऊक असलेला.
सांडा ऊन खायला डोकं काढतो.
तेवढंच पुरतं.
थोराड सांडा मात्र झेपत नाही त्याला,
काटेरी शेपटीचा तडाखा खाऊन
परत खांबावर जाऊन बसला एकदा,
कुणी पाहिलं तर नाही ना, असा.
शेतात फवारा फिरतो त्या दिवशी चंगळ :
बिळांत पाणी, उंदीर बाहेर.
टोळ उतरले तर टोळ,
एकेक टिपून, फुटाण्यांसारखे.

फेब्रुवारीत दाद करीमची तीन करडं गेली.
तो गोफण घेऊन आला.
मी म्हटलं, थांब जरा, आणि त्याला खांबाखाली नेलं.
तिथे गोळ्या पडलेल्या असतात,
अंगठ्याएवढ्या, राखाडी.
हाडं पोटात विरतात, जे विरत नाही
ते तो सकाळी ओकून टाकतो.
हेल्मेट उलटं करून त्यात पाणी ओतलं,
गोळ्या भिजवल्या, काडीने सोडवल्या.
बघ, उंदराचे केस. उंदराचा पिवळा दात.
भुंगेऱ्यांच्या पंखांची टरफलं, काळी, चकचकीत.
सांड्याची नखं.
हे खरखरीत खवले फुरशाचे असावेत.
गुल नवाज दोन पावलं मागे सरकला.
सात गोळ्या फोडल्या.
करडाची लव एकीतही नाही.
दाद करीमने सातही ढिगाऱ्यांत बोट फिरवलं,
मग गोफण कमरेला गुंडाळली.
कुत्रे असणार, म्हणाला.
संध्याकाळी कॅम्पच्या फाटकावर
पेप्सीच्या बाटलीत दूध ठेवलेलं होतं, अजून कोमट.

आठवी गोळी पुढच्या गुरुवारी सापडली.
ती भिजवावी लागलीच नाही.
माझा बाप आटपाडीकडे शेरडं राखायचा,
नुकती जन्मलेली करडं मी गवताच्या बोळ्याने पुसलीत,
ओली लव सुकताना कशी उभी राहते,
डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं.

मेलेलं असेल ते आधीच.
शेळीची वार खाल्ली असेल, तिच्याबरोबर गेली असेल लव.
उन्हात पडलेलं मांस कोण सोडतो?
वर पाहिलं. तो पंख चोचीने विंचरत होता,
माझ्याकडे त्याचं काही काम नव्हतं.

गोळी मी निडोच्या डब्यात ठेवलीय,
खाटेखाली, पासपोर्टच्या झेरॉक्सजवळ.
दूध अजून येतं, दोन दिवसांआड.
गुल नवाज चहा करतो, वेलदोडा जास्त घालतो.
मी पितो.
खांब क्रमांक बेचाळीस. ठीक.